गोठ्यातली जीप

आमच्या गोठ्यात गाय नाही, जीप आहे. नवा पाहुणा आला की आधी हसतो, मग आत डोकावतो आणि मग हमखास विचारतो, ‘‘वहिनी, या भंगाराचं करताय काय?’’ पूर्वी मी ‘यांना विचारा’ म्हणून मोकळी व्हायचे. आता मात्र खुर्ची देऊन बसवते आणि सगळं सांगते. पाहुण्याला एसटी गाठायची असेल तर त्याची पंचाईत होते, पण त्याला माझा इलाज नाही.

ही जीप दुसऱ्या महायुद्धातली, १९४४ सालची. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, ती पुढे आठ-नऊ वर्षांनी देवळालीकडच्या एका लिलावात घेतली. लष्करानं काढून टाकलेल्या अशा मालाला तेव्हा सगळे ‘डिस्पोजल’ म्हणायचे. डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलची बादली, तशी ही डिस्पोजलची जीप. मामंजी युद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर ड्रायव्हर होते. तिथं त्यांनी जीपवरून जखमी वाहिले, दारूगोळा वाहिला. जीपची रबरी चाकं काढून लोखंडी चाकं बसवायची आणि तिला रेल्वेच्या रुळावरून पळवायची, असंही तिकडं चालायचं. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते, पण त्याचे फोटो आहेत. अशा गाडीवर हात बसलेल्या माणसाला गावात परतल्यावर बैलगाडी पुरेना. घरात साठवलेला सगळा पैसा त्यांनी या गाडीत घातला, हे सासूबाई शेवटपर्यंत बोलून दाखवत.

आता गंमत ऐका. आपण सरसकट ‘विलीज जीप’ म्हणतो, पण आमची विलीज नव्हेच. १९४० साली अमेरिकेच्या लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर पोचवणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका लहान कंपनीनं पहिली गाडी करून दाखवली, पण युद्धाला लागतील तेवढ्या गाड्या बनवणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. मग विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच नकाशावरून १९४५ पर्यंत मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बांधल्या. अगदी जुळ्या बहिणी. फरक ओळखायचा तर खाली वाकायचं. पुढच्या बाजूला चासीची आडवी पट्टी गोल नळीची असेल तर विलीज, चौकोनी असेल तर फोर्ड. आणि फोर्डनं आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टाच्या डोक्यावरसुद्धा, बारीकसा इंग्रजी ‘एफ’ उमटवला होता. लग्नात आहेराच्या भांड्यावर आपण नाव घालतो ना, तसाच. आमच्या जीपवर असे एफ असलेले एक्याऐंशी बोल्ट मी मोजलेत. बाकीचे गेल्या सत्तर वर्षांत कुणी कुणी बदलले.

तुमच्या गावातही अशी एखादी गाडी असेल, बघा. आपल्याकडे लष्करी गाड्यांना निवृत्तीनंतरच खरं आयुष्य असतं. जबलपूरला १९५९ पासून तयार होणारे शक्तिमान ट्रक १९९६ पर्यंत बनत होते. मूळ नकाशा जर्मनीच्या मॅन कंपनीचा. लष्करातून सुटल्यावर त्यातल्या कितींच्या पाठीवर क्रेन बसल्या, पाण्याच्या टाक्या बसल्या. तिथलीच जोंगा, निसानच्या गाडीवरून घेतलेली, सहा सिलिंडरची, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. सामान्य माणसाला तिला पेट्रोल पाजणं परवडायचं नाही. त्यामुळे बहुतेक जोंगांचं इंजिन काढून डिझेलचं कुठलं तरी इंजिन बसवलं गेलं. जीपांचंही तेच झालं. पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवाली म्हणून गाव आहे, तिथं जुन्या लष्करी जीपा जोडण्याचा धंदाच उभा राहिला. एकीचा दरवाजा, दुसरीची चासी, तिसरीचं इंजिन. चालायला झकास, पण अशा गाडीचं वय विचारलं तर उत्तर कुठल्या भागाचं द्यायचं?

आमची जीप १९८८ पर्यंत चालली. मग हेड गॅस्केट गेलं आणि ती गोठ्यात गेली. हे तेव्हा नोकरीवर. यांची अख्खी नोकरी लष्कराच्या ‘ईएमई’मध्ये, म्हणजे गाड्या, रणगाडे, रडार दुरुस्त करणाऱ्या खात्यात झाली. सिकंदराबादला ट्रेनिंग, मग राजस्थानापासून लेहपर्यंत बदल्या. ‘रिटायर झाल्यावर बघू’ असं यांनी दर सुट्टीत म्हणायचं आणि जीपवरची ताडपत्री तेवढी बदलायची. रिटायर झाले, तर कोरेगावच्या रस्त्याला गॅरेज टाकलं. लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त होत राहिले, घरची जीप तशीच. सोनाराच्या बायकोचे कान बुच्चे म्हणतात, त्यातली गत.

आणि मग यांचे डोळे गेले. एकदम नाही. मधुमेहानं पडद्यावर रक्त उतरलं, लेसर झालं, इंजेक्शनं झाली. कडेचं थोडं दिसतं, समोरचं दिसत नाही. पाना कुठल्या नंबरचा ते दिसत नाही, माझा चेहरा दिसत नाही. गॅरेज विकलं. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या हातात सतत काहीतरी होतं, तो ओसरीवर मांडीवर हात ठेवून बसायला लागला. मधुमेहाचं पथ्य मी सांभाळलं असतं, पण रिकाम्या हातांचं पथ्य मला माहीत नव्हतं.

त्याच सुमारास महाबळेश्वरकडून एक गृहस्थ आले. हॉटेलच्या दारात शोभेला जुनी जीप हवी होती. साडेतीन लाख देतो म्हणाले. डिझेल इंजिन टाकणार, रुंद टायर लावणार, चकचकीत लाल रंग देणार. मुलगा पुण्याला असतो. त्याचं घराचं कर्ज, नातीची फी. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, ‘‘आई, बाबांना ती दिसतसुद्धा नाही.’’ हे काहीच बोलले नाहीत. नुसते उठले, भिंतीला हात लावत गोठ्यात गेले आणि अर्ध्या तासानं ग्रीसचे हात घेऊन आले. मी मुलाला म्हटलं, मला एक वर्ष दे. वर्षात ही चालली नाही तर वीक. मला तेव्हा पाना आणि पकड यातला फरक सांगता येत होता, एवढीच माझी तयारी.

पहिल्या दिवशी हे मला म्हणाले, ‘‘स्टार्टरला हात लावायचा नाही.’’ मी मनाशी म्हटलं, मग काय पूजा करायची? पण ही पहिलीच शिकवण सगळ्यात मोलाची होती. वर्षानुवर्षं बंद असलेली गाडी उत्साहानं चालू करायला गेलं की तिचं उरलंसुरलं नुकसान त्या पाच मिनिटांत होतं. तेल खाली उतरून गेलेलं असतं, सिलिंडरला गंज धरलेला असतो, टाकीतल्या पेट्रोलचा चिकट लाख झालेला असतो. आधी स्पार्क प्लग काढायचे, त्या भोकांतून थोडं थोडं तेल सोडायचं, आठवडा आठवडा तसंच ठेवायचं आणि मग हँडलनं, हातानं, इंजिन हलतंय का बघायचं. आमचं तेवीस दिवसांनी हललं. बोटभर. हे गाडीला कान लावून बसले होते. ‘‘फिरलं गं,’’ म्हणाले. मला तर काही दिसलंही नव्हतं.

तशी आमची वाटणी ठरली. डोळे माझे, कान यांचे. हात दोघांचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, की आतला आवाज डॉक्टरच्या नळीतून यावा तसा येतो, हे मी यांच्याकडून शिकले. कुठला आवाज टॅपेटचा आणि कुठला सायलेन्सरच्या गळतीचा, ते मात्र मला अजून नीटसं जमत नाही. माझ्या परीनं मी यांना रंग सांगायचे. तेल कसलं आहे? चहासारखं की कॉफीसारखं? की दूध घातल्यासारखं? दुधासारखं असेल तर तेलात पाणी शिरलंय. ‘‘काजळीचा रंग सांग.’’ ‘‘काळा.’’ ‘‘काळा म्हणजे तव्याखालचा का डोळ्यातला?’’ असे आमचे संवाद. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ऐकून हसायच्या.

गंज ही जुन्या गाडीची मोठी दुखणी. इथं आपल्या ऊसपट्ट्याचा फायदा झाला. एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी असं मिश्रण पिंपात करायचं आणि गंजलेला लोखंडी भाग त्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचा. गंज सुटतो, लोखंड खात नाही. जगभर जुन्या गाड्या करणारे हा उपाय करतात. आमच्याकडे तर जनावरांच्या खाद्यासाठी मळी मिळतेच. वास मात्र असा की जाऊबाई आठ दिवस आमच्या अंगणात फिरकल्या नाहीत. एक ध्यानात ठेवायचं, ॲल्युमिनियमचे आणि जस्ताचे भाग यात घालायचे नाहीत, ते खराब होतात.

जाऊबाईंवरून आठवलं. हळदीकुंकवाला माझी नखं बघून त्या चारचौघींत म्हणाल्या, ‘‘वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी गॅरेजात कामाला लागलात का?’’ मी म्हटलं, इंग्लंडची राणी लागली होती, मी कोण? खरंच आहे ते. १९४५ च्या सुरुवातीला एलिझाबेथ राणी, तेव्हा राजकन्या, अठरा वर्षांची असताना लष्कराच्या महिला दलात भरती झाली आणि ट्रक चालवायला, इंजिन खोलायला, चाक बदलायला शिकली. डगला घालून, हात काळे करून उभी असलेली तिची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. ती २०२२ मध्ये गेली तेव्हा टीव्हीवर तो फोटो दाखवला. मी जाऊबाईंना हाक मारून दाखवला.

चाकांचं काम मला सगळ्यात भीतीचं वाटलं आणि ती भीती असू द्यावी असंच माझं मत आहे. युद्धातल्या या जीपांची चाकं म्हणजे दोन अर्ध्या थाळ्या बोल्टांनी एकमेकींना जोडलेल्या. टायरमध्ये हवा असताना कुणी चुकून ते जोडाचे बोल्ट सोडले तर थाळी तोफेच्या गोळ्यासारखी उडते. जुन्या लष्करी ट्रकांच्या रिंगवाल्या चाकांचंही तसंच. माणसं दगावली आहेत. आधी वॉल्व काढायचा, हवा पूर्ण गेली का बघायची, मगच पाना. शिवाय आणखी एक खोच, डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे. आपण सोडतोय समजून आवळत बसायचं. हे ओसरीवरून ओरडायचे, ‘‘डावं आहे का उजवं?’’ यांना माझ्या धापेवरून कळायचं.

टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली. पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरनं उठायचं, सीट उचलायची. ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे. टाकी आम्ही स्वच्छ खडे आणि साखळी घालून हलवून हलवून धुतली. वेल्डिंगवाला म्हणाला, ‘रिकामी आहे ना, आणा, दोन टाके मारतो.’ यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. दुसरं म्हणजे आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. जुनं रबर त्यानं फुगतं, सुटतं. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या मालाचा घ्यावा लागला. घरच्या उसाचंच इथेनॉल घरच्या जीपला बाधायला निघालं होतं म्हणायचं.

ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असतं. गॅरेजात पोरं हवेच्या पाइपानं ड्रम फुंकून साफ करतात, ते बघून माझा जीव खालीवर होतो. ती धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही. आम्ही ओल्या फडक्यानं पुसलं, तोंडाला मास्क बांधून. जुना रंगही शिशाचा असू शकतो, तो कोरडा घासायचा नाही, पाणी मारत घासायचा. आणि जुन्या लष्करी घड्याळा-मीटरांच्या काट्यांवर कधी कधी अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असतो. अशी वस्तू घरात असेल तर काच उघडू नका, मुलांच्या हातात देऊ नका.

रंग घासताना मात्र जे दिसलं ते मी विसरणार नाही. वरचा निळा रंग मी लग्न होऊन आले तेव्हाचा. त्याखाली लाल. त्याखाली मामंजींनी पहिल्यांदा मारलेला राखाडी. आणि सगळ्यांत खाली, बॉनेटच्या कडेला, मातकट हिरवा, बिनचमकीचा लष्करी रंग आणि त्यावर पांढरे तीन आकडे. बाकीचे पुसले गेलेले. मी यांचं बोट धरून त्या आकड्यांवरून फिरवलं. ब्रशनं काढलेल्या आकड्याची कड बोटाला लागते. हे बराच वेळ बोट फिरवत राहिले. ‘‘हा आठ आहे,’’ म्हणाले. होताच आठ. तेवढा तुकडा आम्ही रंगवला नाही. तिथे नुसतं तेलाचं बोट फिरवतो.

सुटे भाग मिळणं ही वेगळीच वारी. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली आणि पुढं कितीतरी दशकं त्याच घराण्यातल्या गाड्या बनवल्या. त्यामुळे आपल्या देशात या जीपचे नातेवाईक पुष्कळ. पण नातेवाईक म्हटला की तो सारखा दिसतो, प्रत्येक वेळी उपयोगी पडतोच असं नाही! ब्रेकचे काही भाग बसतात, गिअरबॉक्स मात्र निराळा. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, फोनवरून दिल्लीचं मायापुरी, सगळं पालथं घातलं. कार्बोरेटर एका गॅरेजवाल्याकडे (नाव नको) साफ करायला दिला, तर परत आला तो दुसराच. आमच्यावर खूण होती, याच्यावर नव्हती. यांनी हातात घेताच सांगितलं, ‘‘हा हलका आहे.’’ मी तशीच माघारी गेले आणि आमचा घेऊनच आले. तेव्हापासून प्रत्येक भाग खोलण्याआधी मी मोबाइलवर फोटो काढते आणि डबीवर चिठ्ठी चिकटवते. श्रीखंडाचे, लोणच्याचे किती डबे त्यात गेले, विचारू नका.

विजेचा प्रकारही वेगळा. आपल्या गाड्या बारा व्होल्टच्या, ही सहाच्या. सहा व्होल्टला तार जाड लागते, नाहीतर स्टार्टर रडत फिरतो. लोक लगेच म्हणतात बॅटरी बदला, बारा करा. आम्ही तारा बदलल्या.

अकराव्या महिन्यात, दिवाळीच्या आधी, इंजिन सुरू करायचा दिवस आला. स्टार्टर होता, पण यांचा हट्ट, पहिल्यांदा हँडलनं. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती वळवायचा नाही. इंजिननं उलटा झटका दिला तर वळवलेला अंगठा मोडतो. मामंजींचा असाच मोडला होता म्हणे. पॉइंटची फट मी वीस थाऊ लावली होती, तारा १-३-४-२ अशा लावल्या होत्या, तीनदा तपासून. चौथ्या फेऱ्याला एक फटाका वाजला आणि कोंबड्या उडाल्या. सातव्याला ती धरली. एवढासा गोठा, त्यात धूर, यांच्या डोळ्यांतून पाणी. धुरानं असेल. इंजिन चालू असताना हे दोन मिनिटं नुसते उभे राहिले, मग म्हणाले, ‘‘तिसरा प्लग मारत नाही.’’

मुलाला फोनवर नुसता आवाज ऐकवला. पुढच्या शनिवारी तो आला आणि न बोलता बोनेटखाली वाकला. त्यानं एकच अट घातली, ब्रेक मी स्वतः बघणार. त्याची काळजी रास्त आहे. या गाड्यांना ब्रेकचा एकच मार्ग असतो, एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले. हॉटेलवाल्या गृहस्थांना आम्ही नाही कळवलं. साडेतीन लाख म्हणजे थोडे नाहीत. नातीच्या फीसाठी मी माझी ठेव मोडली, ते इथं सांगते, कारण हौसेची किंमत कुणीतरी भरावीच लागते आणि असल्या लेखांत ती सहसा कुणी सांगत नाही.

कागदपत्रांचं मात्र ऐकून ठेवा, तुमच्या उपयोगाचं आहे. गाडीचं पुस्तक मामंजींच्या नावावर. मालक वारला की वारसांनी महिन्याच्या आत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नाव बदलाचा अर्ज करायचा असा नियम आहे. आमच्याकडे मामंजींना जाऊन तीस वर्षं झालेली आणि वारस तिघे भाऊ. भंगार म्हणणाऱ्यांना सहीच्या वेळी त्यात आपला वाटा दिसायला लागला. शेवटी बांधावरच्या दोन आंब्यांच्या फळावरचा हक्क आम्ही सोडला तेव्हा सह्या झाल्या. म्हणून म्हणते, घरातल्या पुरुषाच्या नावावर असलेल्या गाड्यांची पुस्तकं कुठं आहेत, कुणाच्या नावावर आहेत, ते आपण बायकांनी एकदा बघून ठेवावं. आता तर गाडीच्या पुस्तकावर वारस म्हणून नाव आधीच लावता येतं.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, घरगुती दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोज बाजारहाटाला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. आणि मुख्य अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नको. म्हणजे त्या गृहस्थांनी डिझेल इंजिन बसवलं असतं तर ही गाडी व्हिंटेज राहिली नसती, नुसती जुनी झाली असती. आमची फाइल सध्या आत आहे. मी दर पंधरा दिवसांनी जाऊन विचारते. तिथले क्लार्क मला ‘जीपवाल्या मावशी’ म्हणतात.

मध्ये आम्ही अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाडा संग्रहालय बघायला गेलो. लष्कराच्या चिलखती दलानं ते १९९४ मध्ये उघडलं. रोल्स रॉइसची चिलखती मोटार आहे, १९६५ च्या लढाईत पकडलेला पॅटन आहे, आपला विजयंता आहे. मी वाचून दाखवत होते, हे ऐकत होते. विजयंतापाशी यांनी मला थांबवलं आणि पुढचं सगळं यांनीच सांगितलं. आमच्या मागं शाळेची सहल उभी राहून ऐकत होती.

आता रोज सकाळी चहाच्या आधी ‘फर्स्ट परेड’ असते. लष्करात गाडी काढण्याआधी जी तपासणी करतात तिला फर्स्ट परेड म्हणतात. तेल, पाणी, हवा, गळती, दिवे. वाटेत थांबलं की ‘हॉल्ट परेड’, चाकाच्या हबला हात लावून बघायचं, एखादं जास्त तापलंय का. परत आल्यावर ‘लास्ट परेड’. गाडी कुठं जात नसली तरी आमची फर्स्ट परेड चुकत नाही. मग यांची इन्सुलिन.

आणि रात्री वही. नातीची उरलेली दोनशे पानी वही आहे, तीत हे सांगतात आणि मी लिहिते. कुठल्या निपलला किती ग्रीस, कुठला बोल्ट किती आवळायचा, कुठला भाग खोलायच्या आधी काय बघायचं. यांनी हे सगळं कधी कागदावर पाहून केलेलं नाही, हातालाच माहीत. त्यामुळे सांगताना हवेत हात फिरवतात आणि मी तो हात बघून शब्द शोधते. नात मध्ये मध्ये आकृत्या काढते. सुट्टीत आली की एफचे बोल्ट पुन्हा मोजते, तिचे त्र्याऐंशी भरतात. परवा स्टीअरिंग बॉक्स संपला, एकशे बारावं पान. आज ट्रान्सफर केस घ्यायची आहे. तिला दोन दांडे आहेत आणि कुठला आधी ओढायचा यावरून आमचा दुपारपासून वाद चाललाय.